अपलोड, डाउनलोड आणि मधली भानगड

जून लागला की सोलापुरात ऑनलाइन फॉर्म भरून देणाऱ्या दुकानांत बसायला जागा उरत नाही. प्रवेश, शिष्यवृत्ती, उत्पन्नाचा दाखला, नॉन-क्रिमीलेअर, त्यातच बँकांच्या भरत्या. मी याच कामात आहे आणि दिवसभर कानावर पडणारी वाक्यं ठरलेली. “अण्णा, फाइल जाईना झालीय बघा.” “मालक, डाउनलोड केलो, पण कुठं गेलं कळेना.” आणि शेवटी वैतागून, “नेटच बाद आहे ओ!”

नेट बाद असतं कधीकधी, नाही असं नाही. पण बहुतेक वेळा बिचाऱ्या नेटचा काही दोष नसतो. फाइल कुठे आहे, कोणत्या प्रकारची आहे आणि किती मोठी आहे, यातली एखादी गोष्ट ठाऊक नसते आणि तिथेच घोडं अडतं. ज्यांना रोज दोन-चार फाइली पाठवाव्या-उतरवाव्या लागतात, पण कुणी बसून समजावलेलं नाही, त्यांच्यासाठी हे सगळं सविस्तर लिहितोय.

फाइल जात नाही, प्रत निघते

अपलोड म्हणजे आपल्याकडची फाइल दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर चढवणं, डाउनलोड म्हणजे तिकडची आपल्याकडे उतरवणं, इतपत सगळ्यांना माहीत असतं. गोंधळ होतो तो पुढे. फाइल इथून उठून तिथे गेली असं वाटतं, पण होतं ते झेरॉक्ससारखं: मूळ कागद तुमच्याच हातात राहतो, समोरच्याकडे प्रत जाते. एवढं एक डोक्यात पक्कं बसलं की निम्मे प्रश्न आपोआप सुटतात.

फॉर्मला बायोडाटा जोडलात, मग लक्षात आलं की मोबाइल नंबर चुकलाय. तुम्ही आपल्या कॉम्प्युटरवरच्या फाइलमध्ये नंबर दुरुस्त केलात. वेबसाइटवर काय बदललं? काहीच नाही. तिथे जुनी प्रत बसलेली आहे, ती काढून नवी चढवावी लागेल. तसंच उलट: डेस्कटॉपवरून फोटो उडवला म्हणून तो ज्याला पाठवला त्याच्याकडून उडत नाही. आणि दुकानातल्या कॉम्प्युटरवर आधार कार्ड उतरवून प्रिंट घेतली, तर तुम्ही घरी गेल्यावरही तुमचं आधार त्या कॉम्प्युटरवर असतं. त्याविषयी शेवटी बोलू.

याला अपवाद एकच, आणि तो नेमका घात करतो. वनड्राइव्ह किंवा गूगल ड्राइव्ह (नेटवर फाइली ठेवायच्या जागा, म्हणजेच ‘क्लाउड’) यांचं फोल्डर कॉम्प्युटरवर ‘सिंक’ केलेलं असेल तर दोन्हीकडच्या प्रती एकमेकींना बांधलेल्या असतात. इथे पुसलं की तिथेही पुसलं जातं. ‘क्लाउडवर आहे ना, मग इथली काढून टाकतो’ असं म्हणत लग्नाचे फोटो घालवलेली माणसं मी पाहिली आहेत. गूगल ड्राइव्हच्या ट्रॅशमध्ये पुसलेली फाइल ३० दिवस राहते, तेवढ्यात लक्षात आलं तर परत मिळते.

जाता जाता एक गोष्ट. दोन कॉम्प्युटरांमध्ये फाइलींची ने-आण कोणत्या नियमांनी करायची, याचा पहिला मसुदा एप्रिल १९७१ मध्ये अभय भूषण यांनी लिहिला. आयआयटी कानपूरच्या पहिल्या तुकडीतले हे विद्यार्थी तेव्हा अमेरिकेत एमआयटीत होते. त्या नियमांचं नाव एफटीपी. वेबसाइटवरच्या फॉर्ममधूनच फाइल चढवायची सोय मात्र बरीच नंतरची. तिचा प्रस्ताव नोव्हेंबर १९९५ मधला, आणि तो लिहिणारे दोघे चक्क झेरॉक्स कंपनीतले.

वेगाचा हिशोब

‘शंभरचा प्लॅन घेतलाय, तरी शंभर एमबीची फाइल सेकंदात उतरत नाही’ ही तक्रार नेहमीची. कंपनी जे १०० एमबीपीएस म्हणते त्यातला ‘बी’ बिटचा असतो. फाइलचा आकार मोजतात बाइटमध्ये, आणि ८ बिट मिळून एक बाइट होतो. म्हणजे शंभरच्या लाइनवर सेकंदाला जास्तीत जास्त साडेबारा एमबी. प्रत्यक्षात त्याहून थोडं कमीच.

दुसरं म्हणजे चढण्याचा वेग आणि उतरण्याचा वेग हे दोन वेगळे आकडे आहेत. मोबाइल डेटावर हा फरक फार जाणवतो. कंपन्या जास्त जागा डाउनलोडला देतात, कारण लोक पाहतात जास्त आणि पाठवतात कमी. शिवाय टॉवरच्या मानाने आपल्या फोनची ताकद किती! समजा तुमच्या फोनला उतरायला ४० एमबीपीएस आणि चढायला २ एमबीपीएस मिळतंय. ५० एमबीचा व्हिडिओ उतरायला १० सेकंद लागतील. तोच चढवायला २०० सेकंद, म्हणजे ३ मिनिटं २० सेकंद. हा हिशोब माहीत नसला की माणूस एका मिनिटात ‘अडकलं’ म्हणून बंद करतो, पुन्हा सुरू करतो, पुन्हा बंद करतो. मोठी फाइल पाठवण्याआधी एखाद्या स्पीड टेस्टवर फक्त अपलोडचा आकडा बघा. कमी असेल तर खिडकीशी किंवा गच्चीत जाऊन पाहा. शहरातल्या जुन्या वाड्यांच्या जाड भिंतींत वायफायही दुसऱ्या खोलीपर्यंत धड पोचत नाही.

फाइल अखंड जात नाही. तिचे साधारण दीड हजार बाइटचे तुकडे पडतात, प्रत्येक तुकड्याचा क्रम ठरलेला असतो, वाटेत एखादा हरवला तर तो पुन्हा पाठवला जातो आणि पलीकडे सगळे जागच्या जागी जोडले जातात. म्हणून नेटवर्क कमजोर असलं तरी फाइल सहसा ‘खराब’ होत नाही, उशीर होतो. खरी अडचण कनेक्शन मधेच तुटलं तर. डाउनलोड तुटलं तर बऱ्याच वेबसाइटवर ‘रिझ्यूम’ दाबून राहिलेलं पुढे उतरवता येतं. यूट्यूब, गूगल ड्राइव्हसारख्या ठिकाणी अपलोडही पुढे चालू होतं. सरकारी किंवा भरतीच्या साध्या फॉर्मवर मात्र बहुधा पहिल्यापासून.

त्यामुळे अपलोड चालू असताना वायफायवरून मोबाइल डेटावर उडी मारू नका, फोन खिशात घालून रस्त्याला लागू नका. आणि आपल्याकडे वीज कधी जाईल याचा नेम नाही. लॅपटॉप बॅटरीवर चालतो, पण वायफायचा डबा बंद पडतो. त्याला फार वीज लागत नाही. इन्व्हर्टर असेल तर पंख्याबरोबर तोही त्यावर घ्या.

डाउनलोड: उतरवलं, पण कुठे?

विंडोजवर उतरवलेली फाइल, तुम्ही दुसरं काही सांगितलं नसेल तर, ‘डाउनलोड्स’ नावाच्या फोल्डरमध्ये जाते. डेस्कटॉपवर शोधत बसायचं कारण नाही. क्रमाने असं करा.

१. आधी वरच्या पट्टीतला पत्ता वाचा. सरकारी कागद हवा असेल तर वेबसाइटच्या नावाचा शेवट ‘डॉट गव्ह डॉट इन’ किंवा ‘डॉट एनआयसी डॉट इन’ असा हवा. सातबारा, दाखला, निकाल असं काही गूगलवर शोधलं की वरचे एक-दोन निकाल जाहिरातीचे असू शकतात, तिथे घाई करू नका.

२. डाउनलोडचं बटण दाबा. काही वेबसाइटवर मोठ्ठं हिरवं बटण जाहिरातीचं असतं आणि खरं बटण कोपऱ्यात बारीक अक्षरांत. बटणावर माउस नुसता नेऊन थांबवा. ब्राउझरच्या खाली डाव्या कोपऱ्यात ते कुठे नेणार तो पत्ता दिसतो. भलताच पत्ता दिसला तर हात काढून घ्या.

३. पीडीएफ असेल तर बऱ्याचदा ती उतरत नाही, ब्राउझरमध्येच उघडते. लोकांना वाटतं, दिसली म्हणजे मिळाली, आणि टॅब बंद करतात. नुसतं दिसणं पुरेसं नाही. वरचा खाली वळलेला बाण दाबा किंवा कंट्रोल आणि एस दाबून सेव्ह करा.

४. आता कंट्रोल आणि जे दाबा. उतरवलेल्या सगळ्या फाइलींची यादी समोर येते. हवी त्या नावाशेजारी फोल्डरचं चिन्ह असतं, ते दाबलं की ती जिथे आहे तेच फोल्डर उघडतं. क्रोम, एज, फायरफॉक्स, तिन्हींत विंडोजवर हीच कळ चालते.

५. नावाच्या शेवटी ‘सीआरडाउनलोड’ किंवा ‘पार्ट’ असं काही दिसत असेल तर फाइल अजून अर्धवट आहे. नाव बदलून ती उघडणार नाही. पूर्ण उतरू द्या.

६. उतरल्या उतरल्या नाव बदला आणि तिच्या जागी नेऊन ठेवा. वेबसाइटवरून येणारी नावं म्हणजे आकड्यांची माळ. एकच दाखला तीनदा उतरवला तर शेवटी कंसात एक, दोन असे आकडे लागतात आणि महिन्याभराने खरा कोणता, हे देवालाच ठाऊक.

सहावी पायरी सगळे टाळतात. ज्याला टाळायची नाही त्याने क्रोमच्या सेटिंगमध्ये डाउनलोड्समध्ये जाऊन ‘प्रत्येक वेळी जागा विचारा’ हा पर्याय चालू करावा. मग फाइल उतरण्याआधीच नाव आणि फोल्डर विचारलं जातं.

फोनवर हेच काम ‘फाइल्स’ नावाच्या ॲपमध्ये होतं. तिथेही डाउनलोड्सचं वेगळं फोल्डर असतं. व्हॉट्सॲपवर आलेली कागदपत्रं मात्र त्यात पडत नाहीत, व्हॉट्सॲपच्या स्वतःच्या फोल्डरात पडतात. म्हणून ‘डाउनलोड्समध्ये नाही’ म्हणजे ‘फोनमध्ये नाही’ असं समजू नका. फाइल्समध्ये वरच्या शोधपट्टीत नावाचा एखादा तुकडा टाइप करा.

झिप फाइल आली तर तिच्यावर राइट क्लिक करून ‘एक्सट्रॅक्ट ऑल’ करा. आतली फाइल परस्पर उघडून त्यात काम करू नका, केलेले बदल सेव्ह होतीलच याची खात्री नसते. वर्डची फाइल उघडल्यावर पिवळी पट्टी दिसते आणि टाइप होत नाही, तेव्हा काही बिघडलेलं नसतं. नेटवरून आलेली फाइल म्हणून वर्ड सावध असतं. पाठवणारा ओळखीचा असेल तरच ‘एनेबल एडिटिंग’ दाबा.

शेपूट पाहा

फाइलच्या नावात टिंबानंतर जे येतं ते तिचं शेपूट म्हणा, एक्स्टेन्शन म्हणा. पीडीएफ, जेपीजी, डॉकएक्स ही कागदाची आणि चित्राची मंडळी. ईएक्सई म्हणजे विंडोजवर चालणारा प्रोग्रॅम, एपीके म्हणजे अँड्रॉइड फोनवर बसणारं ॲप. विंडोज हे शेपूट मुळात लपवून ठेवतं, आणि ही सोय मला कधीच पटलेली नाही. ‘बिल डॉट पीडीएफ डॉट ईएक्सई’ अशी फाइल मग ‘बिल डॉट पीडीएफ’ एवढीच दिसते. विंडोज ११ मध्ये कोणतंही फोल्डर उघडून व्ह्यू, मग शो, मग ‘फाइल नेम एक्स्टेन्शन्स’वर खूण करा. एकदाच करायचं काम आहे.

फोनवर याहून जास्त सांभाळा. लग्नपत्रिका, वाहतुकीचं चलन, बँकेची केवायसी अशा नावांनी व्हॉट्सॲपवर एपीके येतात. पत्रिका चित्र असते नाहीतर पीडीएफ असते. ती पाहायला ॲप बसवावं लागत नाही. ओळखीच्या नंबरवरून आली तरी उघडू नका, कारण त्याचाच फोन आधी ताब्यात गेलेला असू शकतो. चुकून ॲप बसलंच तर आधी फोनचं नेट बंद करा, दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवा. पैसे गेले असतील तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन करा. तिथे मिनिटांना किंमत आहे, ‘उद्या बघू’ म्हणू नका.

आणखी एक. नाव बदलून प्रकार बदलत नाही. पीएनजीच्या शेवटी जेपीजी लिहिलं म्हणून ती जेपीजी होत नाही. वेबसाइट आत डोकावते आणि नाकारते. आयफोनचे फोटो एचईआयसी प्रकारात निघतात, फॉर्मला ते चालत नाहीत. आयफोनच्या सेटिंगमध्ये कॅमेरा, मग फॉरमॅट्स, मग ‘मोस्ट कम्पॅटिबल’ केलं की पुढचे फोटो जेपीजीत येतात.

अपलोड: एक फॉर्म नीट भरून बघू

आयबीपीएस, म्हणजे बँकांसाठी भरती-परीक्षा घेणारी संस्था, तिचा फॉर्म घेऊ, कारण जुळे सोलापूरपासून बार्शीपर्यंतची पोरं तो भरतात आणि त्याचे नियम काटेकोर आहेत. फोटो २० ते ५० केबी (साधारण हजार केबी म्हणजे एक एमबी), मापाची शिफारस २०० बाय २३० पिक्सेल, म्हणजे चित्रातले बिंदू. सही १० ते २० केबी, १४० बाय ६० पिक्सेल. इतर फॉर्मांचे आकडे वेगळे असतात, आपल्या जाहिरातीतले बघून घ्या.

फोनवर काढलेला साधा १२ मेगापिक्सेलचा फोटो ४००० बाय ३००० असतो, म्हणजे एक कोटी वीस लाख बिंदू. त्याचं वजन तीन-चार एमबी. फॉर्मला हवेत २०० गुणिले २३०, म्हणजे अवघे ४६ हजार बिंदू. पोरं इथे ‘केबी कमी करणारी’ वेबसाइट शोधायला धावतात. गरज नाही. विंडोजमधलं पेंट पुरतं.

फोटो पेंटमध्ये उघडा. सिलेक्ट घेऊन चेहरा आणि खांदे एवढाच उभा चौकोन निवडा, क्रॉप करा. कंट्रोल आणि डब्ल्यू दाबा, रिसाइझची खिडकी येईल. टक्क्यांऐवजी पिक्सेल निवडा आणि आडवी बाजू २०० टाका. उभी बाजू आपोआप बदलते. ती २३०च्या आसपास आली तर छान. फारच वेगळी आली तर क्रॉप चुकलाय, मागे जाऊन पुन्हा निवडा. प्रमाणाची साखळी तोडून जबरदस्तीने २३० टाकलं तर तोंड लांबुळकं होतं. मग ‘सेव्ह ॲज’मध्ये जेपीईजी निवडून नव्या नावाने ठेवा. मूळ फोटो जपा, तो उद्या दुसऱ्या फॉर्मला लागेल.

आता त्या फाइलवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज. तिथे ‘साइझ’ आणि ‘साइझ ऑन डिस्क’ असे दोन आकडे दिसतात. पहिला धरा. बऱ्याचदा इथे उलटीच पंचाईत होते: फोटो २० केबीच्या खाली जातो आणि फॉर्म ‘लहान आहे’ म्हणतो. तेव्हा मूळ क्रॉपवरून २६० बाय २९९ करून बघा. प्रमाण तेच राहतं, वजन वाढतं. सहीसाठी पांढऱ्या कोऱ्या कागदावर काळ्या शाईने सही करा, दिवसाच्या उजेडात वरून सरळ फोटो घ्या, सही सोडून बाकीचा कागद कापून टाका. वहीच्या रेघोट्यांवरची सही नाकारली गेली तर त्यात नवल नाही.

कागदपत्रांची गोष्ट वेगळी. त्यांचा नुसता फोटो काढू नका, स्कॅन करा. अँड्रॉइडवर गूगल ड्राइव्हमध्येच स्कॅनची सोय आहे: कडा सरळ होतात, सावली कमी होते, तीन पानं एका पीडीएफमध्ये बसतात. दुकानात स्कॅन करत असाल तर २०० डीपीआय, म्हणजे एका इंचात २०० बिंदू, सांगा. ए-फोर पान त्यात १६५४ बाय २३३९ पिक्सेलचं होतं, मार्कशीटवरचे बारीक आकडेही वाचता येतात. रंगाची सक्ती नसेल तर ग्रे-स्केल ठेवा, फाइल हलकी होते.

आणि पीडीएफ लहान करायला सापडेल त्या फुकट वेबसाइटवर आधार, पॅन, पासबुक चढवू नका. तेही अपलोडच आहे. तुमच्या कागदाची एक प्रत कुण्या अनोळखी कॉम्प्युटरवर जाते, आणि तिचं पुढे काय होतं ते तुम्हाला कधी कळणार नाही. त्यापेक्षा कमी डीपीआयवर पुन्हा स्कॅन करा, दोन मिनिटांचं काम.

ई-आधारची पीडीएफ पासवर्डने बंद असते: नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरं कॅपिटलमध्ये आणि पुढे जन्मवर्ष. अशी बंद फाइल बरेच फॉर्म घेत नाहीत. ती उघडून प्रिंटमध्ये ‘सेव्ह ॲज पीडीएफ’ केलं की पासवर्डविना प्रत मिळते. पण इथे एक खोच आहे. या पद्धतीने काढलेल्या प्रतीतून डिजिटल सही, म्हणजे फाइलच्या आत बसवलेली आणि कॉम्प्युटरला तपासता येणारी खूण, निघून जाते, नुसतं सहीचं चित्र उरतं. ई-आधार असो की डिजिटल सहीचा सातबारा, जिथे सही तपासली जाणार आहे तिथे उतरवलेली मूळ फाइलच द्या. दाबून लहान केलेली, प्रिंट करून परत स्कॅन केलेली प्रत तिथे उपयोगाची नाही.

मराठीत टाइप केलेला अर्ज जोडायचा असेल तर आणखी एक गंमत. आपल्याकडच्या डीटीपीच्या दुकानांत अजून श्रीलिपी, कृतिदेव अशा जुन्या फॉन्टांत काम चालतं. ती वर्डची फाइल दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडली की अक्षरांचा चिवडा दिसतो. पीडीएफ करून घ्या, फॉन्ट फाइलच्या आतच बसतो. फाइलचं नाव मात्र साध्या इंग्रजी अक्षरांत, मध्ये मोकळी जागा न सोडता ठेवा. देवनागरी नावावर काही वेबसाइट कारण न सांगताच अडतात.

हे सगळं एका फोल्डरमध्ये तयार झालं, की मगच लॉगिन करा. आधी लॉगिन करून मग कागद शोधायला बसलं तर सेशन, म्हणजे लॉगिनची ठरलेली वेळ, संपतं आणि वेबसाइट बाहेर काढते.

आता प्रत्यक्ष चढवणं. ‘चूज फाइल’ दाबून फाइल निवडली की तिचं नाव बटणाशेजारी दिसतं. पुष्कळ लोक इथेच ‘झालं’ म्हणून पुढे जातात. बऱ्याच फॉर्मांत तोवर काहीच गेलेलं नसतं, तुम्ही फक्त बोट दाखवलेलं असतं. शेजारी किंवा खाली ‘अपलोड’चं वेगळं बटण असतं, ते दाबल्यावर प्रत निघते. रेघ शंभर टक्क्यांवर आली तरी थोडं थांबा. फाइल पोचल्यावर पलीकडे तिचा प्रकार, आकार तपासला जातो आणि मग ‘यशस्वी’चा संदेश येतो. त्यानंतर ‘व्ह्यू’ दाबून काय चढलंय ते डोळ्यांनी पाहा. दहावीच्या जागी बारावीची मार्कशीट चढली तर वेबसाइट काही बोलत नाही, बोलतात ते पडताळणीला बसलेले साहेब. आणि सगळ्यात शेवटी ‘फायनल सबमिट’. हा तिसरा वेगळा टप्पा. तो झाला की अर्ज क्रमांकाची पावती पीडीएफमध्ये उतरवून ठेवा.

शेवटच्या दिवशी रात्री फॉर्म भरणाऱ्यांना काय सांगणार? सगळा महाराष्ट्र त्याच वेळी त्याच सर्व्हरवर, म्हणजे वेबसाइट चालवणाऱ्या कॉम्प्युटरवर, असतो. तेव्हा मात्र नेटला शिव्या देऊन भागत नाही, नेट ठीकच असतं.

पाठवायचं कशावरून?

अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एखाद्या टॉवेलवाल्याने मुंबईच्या गिऱ्हाइकाला व्हॉट्सॲपवर फोटो पाठवला, की गिऱ्हाईक म्हणतं, डिझाइन नीट दिसत नाही. माल चांगला, फोटोही चांगला. व्हॉट्सॲपने तो वाटेत दाबून लहान केलेला असतो. जेकार्डच्या विणीतली बारीक नक्षी, काठाचे दोन जवळचे रंग, हे सगळं त्यात एकमेकांत मिसळतं. अशा वेळी गॅलरीतून फोटो निवडण्याऐवजी पिनेचं चिन्ह दाबून ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा. फोटो जसाच्या तसा जातो. या मार्गाने २ जीबीपर्यंतची फाइल जाते.

जीमेलला जोडायची मर्यादा २५ एमबी. ईमेलमध्ये जाताना फाइलचं रूप बदलतं आणि ती साधारण एक तृतीयांशाने फुगते, त्यामुळे पलीकडच्या कंपनीच्या मेलची मर्यादा कमी असेल तर २० एमबीचीही परत येऊ शकते. मोठं काही असेल तर गूगल ड्राइव्हवर चढवून लिंक द्या. जीमेल, ड्राइव्ह आणि फोटो मिळून १५ जीबी फुकट असतं. लिंक देताना ‘शेअर’मध्ये दोन गोष्टी पाहायच्या. ‘रिस्ट्रिक्टेड’ ठेवलं तर समोरच्याला फाइल उघडणार नाही, आणि ‘ॲक्सेस द्या’ अशी मेल तुम्हालाच येईल. ‘एनीवन विथ द लिंक’ केलं तर लिंक ज्याच्या हाती पडेल त्याला उघडेल. चादरींच्या दरपत्रकाला हे चालतं, पासबुकाला नाही. आणि समोरचा ‘व्ह्यूअर’ राहील असं बघा. ‘एडिटर’ केलात तर तो तुमचे दर बदलू शकतो.

दर बदलले की नवी फाइल, नवी लिंक असं करत बसू नका. ड्राइव्हमध्ये त्या फाइलच्या मेनूत ‘मॅनेज व्हर्जन्स’ आहे, तिथून नवी फाइल चढवा. लिंक तीच राहते, उघडणाऱ्याला नवे दर दिसतात.

पेन ड्राइव्हचं थोडक्यात: एफएटी-३२ पद्धतीने तयार केलेल्या पेन ड्राइव्हवर ४ जीबीपेक्षा मोठी एक फाइल मावत नाही, ड्राइव्ह ६४ जीबीचा असला तरी. एक्सफॅट पद्धतीने फॉरमॅट करा. आधी आतलं सगळं बाहेर काढून घ्या, फॉरमॅट केल्यावर काही उरत नाही.

दुकानातून उठण्याआधी

दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर काम केलं असेल तर तुमच्या कागदांच्या प्रती तिथे पडलेल्या असतात. दुकानदार सज्जन असतो, पण त्या खुर्चीत दिवसभर कोण कोण बसतं हे त्यालाही सांगता येणार नाही. आम्हाला राग येत नाही, निवांत पुसून घ्या.

डाउनलोड्सचं फोल्डर उघडा, तारखेप्रमाणे लावा, आपल्या फाइली निवडून शिफ्ट आणि डिलीट एकत्र दाबा. नुसतं डिलीट केलं तर त्या रिसायकल बिनमध्ये जातात. डेस्कटॉप आणि स्कॅनचं फोल्डरही पाहा. स्कॅनरच्या प्रती बहुधा तिसरीकडेच साठतात, कुठे ते दुकानदाराला विचारा. प्रिंटसाठी दुकानाच्या व्हॉट्सॲपवर किंवा मेलवर आधार पाठवलं असेल तर तिथली प्रतही त्याला समोर पुसायला सांगा. ब्राउझर बंद करणं म्हणजे लॉगआउट नव्हे. जीमेलमधून लॉगआउट व्हा आणि ‘पासवर्ड सेव्ह करू का’ला नाही म्हणा. विसरलात तर घरी आल्यावर गूगल अकाउंटच्या सिक्युरिटीमध्ये ‘युअर डिव्हायसेस’ उघडून तो कॉम्प्युटर काढून टाकता येतो. व्हॉट्सॲप वेब जोडलं असेल तर फोनमध्येच ‘लिंक्ड डिव्हायसेस’मध्ये जा, तिथे त्याचं नाव दिसेल, त्यावर दाबून लॉगआउट करा.